मदत हवी आहे : फाउंड्रीतील नव्या मुलांना व्हीआरवर (डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात) प्रशिक्षण द्यावे का?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमची बिडाच्या कास्टिंगची लहान फाउंड्री आहे. खानापूर, बैलहोंगल आणि पलीकडच्या चंदगडमधूनही मुले कामाला येतात. त्यांना भट्टीजवळ उभे करण्यापूर्वी धोक्यांची खरीखुरी ओळख कशी करून द्यावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

भट्टीतला वितळलेल्या बिडाचा रस सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा असतो. त्यात ओले भंगार पडले, किंवा लॅडल (रस ओतण्याचे भांडे) नीट न तापवता त्यात रस घेतला, तर अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान पाण्याच्या १६०० पटींहून अधिक होते आणि रस चहूकडे उसळतो. हे तोंडी कितीही बजावले तरी नवख्या मुलाला त्याचे गांभीर्य पटत नाही, आणि प्रत्यक्ष घडवून दाखवणे तर शक्यच नाही. त्यामुळे चुकीचे भंगार उचलले तर काय होते, हे त्याने हेडसेट लावून एकदा तरी अनुभवावे, असे मला मनापासून वाटते.

वेल्डिंगच्या सिम्युलेटरमध्ये इलेक्ट्रोडचा कोन, आर्कची लांबी आणि हाताचा वेग मोजून शिकणाऱ्याला लगेच दाखवला जातो, तेही एक रॉड न जाळता. ओतकामाबाबत मात्र मी साशंक आहे. लॅडलचे वजन आणि तोंडावर येणारी धग हातात धरायच्या हलक्या कंट्रोलरमधून कशी कळणार? हात बसवायला जुना मिस्त्रीच हवा, या मतावर मी ठाम आहे.

खर्चाचा विचार करता, आमच्याच शॉपमध्ये ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करून तेवढेच दाखवणे पुरेसे होईल का? त्यात मुलगा सगळीकडे पाहू शकेल, पण स्वतः निर्णय घेऊन त्याचा परिणाम भोगणार नाही, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथेच आहे.

दुसरी अडचण भाषेची. खानापूरची मुले मराठीतून शिकलेली, बैलहोंगलची कन्नडमधून. धोक्याची सूचना इंग्रजीत आली तर ती दोघांच्याही उपयोगाची नाही. तयार सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मिस्त्रीच्या आवाजातील दोन्ही भाषांच्या सूचना घालता येतात का? हेडसेटमुळे कोणाला चक्कर किंवा मळमळ झाली, तर सत्र किती वेळाचे ठेवावे?

आपल्यापैकी कोणी फाउंड्रीत किंवा आयटीआयमध्ये हे वापरले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. प्रत्यक्ष पाहता येणार असेल, तर कोल्हापूर किंवा हुबळीपर्यंत यायची आमची तयारी आहे.