चांगला चाललेला जुना टीव्ही ठेवून स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीला आईवडिलांच्या घरी 2016 साली घेतलेला 43 इंची फुल एचडी टीव्ही आहे. चित्र आजही स्वच्छ दिसते, आवाजाचीही तक्रार नाही. परंतु त्यातली 'स्मार्ट' बाजू जवळजवळ निकामी झाली आहे. यूट्यूब उघडायला फार वेळ लागतो, दोन ॲप या टीव्हीवर चालणार नाहीत असा संदेश दाखवून बंद होतात आणि कंपनीने नवीन अपडेट देणे केव्हाच थांबवले आहे. दुकानदार सरळ नवा टीव्ही घ्या म्हणतो. चांगला पडदा केवळ आतल्या जुन्या चिपसाठी भंगारात काढणे मला पटत नाही, म्हणून एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक किंवा छोटा बॉक्स घ्यावा असा विचार आहे.

आई झी5 आणि जिओहॉटस्टारवर मराठी मालिका पाहते, बाबा यूट्यूबवर कीर्तने व नाट्यसंगीत ऐकतात आणि क्रिकेटचा एकही सामना सोडत नाहीत. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. फायबरचे इंटरनेट आहे, पण राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही माजघरात आणि मध्ये जुन्या बांधकामाची जाड भिंत आहे. सध्याची डिश चालूच ठेवायची आहे.

उपकरणांच्या जाहिरातींत 4के (फुल एचडीहून बारीक चित्र) आणि डॉल्बी व्हिजन (रंग व उजेड अधिक उठावदार दाखवणारे तंत्र) यांचे गुणगान पुष्कळ असते. मला मात्र रोजच्या वापरात ही उपकरणे कुठे कमी पडतात ते आधी समजून घ्यायचे आहे, कारण काही अडले की सोडवायला मी तिथे नसणार. अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

चित्रचौकट

आपला टीव्ही न काढण्याचा विचार योग्य आहे. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षे सहज टिकतो, आतले सॉफ्टवेअर त्याच्या निम्म्या काळातच जुने होते. त्यामुळे जो भाग लवकर जुना होतो तो वेगळा आणि स्वस्त ठेवणे यातच या उपकरणांचा खरा फायदा आहे. घरोघरी टीव्ही आणि साउंडबार बसवून देण्याचे काम मी करतो. या स्टिकबद्दलच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ स्टिकमध्ये नसून ती कशी लावली आहे यात असते.

पहिली गोष्ट विजेची. स्टिकसोबत छोटा ॲडॉप्टर येतो, पण भिंतीवरचे बटण मोकळे नसले की लोक तिची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचतात. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून प्रमाणाप्रमाणे 500 मिलिअँपिअर मिळतात, तर ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा ॲडॉप्टर 5 व्होल्टला 1 अँपिअर देणारा असतो. मेनू उघडेपर्यंत सगळे ठीक वाटते. क्रिकेटचा सामना सुरू झाला, वायफाय आणि प्रोसेसर दोन्ही जोरात चालू लागले, की चित्र काळे होते आणि कंपनीचे चिन्ह पुन्हा पडद्यावर येते. लोक स्टिक बदलून आणतात आणि तोच प्रकार चालू राहतो. शिवाय टीव्ही बंद केला की स्टिकचीही वीज जाते, त्यामुळे रात्री आपोआप होणारी अपडेट होत नाहीत आणि सकाळी भजन लावायला बसलेल्या माणसापुढे अपडेट सुरू होते. तेव्हा स्टिक तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवरच चालवावी.

दुसरी गोष्ट आपल्या जाड भिंतीची. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी 5 आणि 4केसाठी 15 एमबीपीएस वेग सुचवते, म्हणजे फायबरच्या साध्या प्लॅनवरही वेग कमी पडू नये. अडचण तो वेग टीव्हीच्या पाठीमागे पोहोचण्याची असते. 5 गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान असले तरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते, 2.4 गिगाहर्ट्झ भिंत ओलांडते, पण शेजारच्या सगळ्या राउटरांची त्याच पट्ट्यात गर्दी असते. त्यात स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीला चिकटून बसते. खोक्यात येणारा वीतभर लांबीचा एचडीएमआय एक्स्टेंडर लोक निरुपयोगी समजून कपाटात टाकतात. तो लावून स्टिक टीव्हीच्या कडेपर्यंत बाहेर काढली की सिग्नलमध्ये स्पष्ट फरक पडतो. तरीही खात्री हवी असेल तर राउटरपासून लॅन केबल ओढून घ्यावी आणि फायर टीव्हीसाठी वेगळा मिळणारा इथरनेट ॲडॉप्टर लावावा. वायफायवर जी रक्कम खर्च होते, त्याहून या केबलवर केलेला खर्च मला नेहमी सार्थकी लागलेला दिसतो.

तिसऱ्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण मराठी प्रेक्षकांशी तिचा थेट संबंध आहे. आपल्याकडचे टीव्ही प्रसारण सेकंदाला 25 चित्रचौकटींच्या हिशेबाने चालते, त्यामुळे मालिकाही त्याच हिशेबाने तयार होतात. ही उपकरणे मात्र खोक्यातून निघाल्यावर सहसा 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवत चालतात. 60 ला 25 ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे काही चौकटी दोनदा आणि काही तीनदा दाखवल्या जातात. बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणारी अक्षरांची पट्टी पाहिली तर हे लगेच लक्षात येते: पट्टी एकसारखी सरकत नाही, थोड्या थोड्या अंतराने अडखळते. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळतो तेव्हाही तेच होते. मग लोक इंटरनेटला दोष देतात. फायर टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 1080पी (फुल एचडी) 50 हर्ट्झ निवडता येते, आणि मूळ फ्रेम रेट, म्हणजे चौकटींचा वेग, जुळवण्याचीही सोय आहे, मात्र ती प्रत्येक ॲप पाळतेच असे नाही. ॲपल टीव्ही 4के हे काम अधिक नेटके करतो. परंतु 2022 चे त्याचे मॉडेल भारतात 14,900 रुपयांना आले होते, आणि आपल्या गरजेसाठी एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही.

आपला टीव्ही फुल एचडी असल्यामुळे 4के आणि डॉल्बी व्हिजनचा चित्राच्या दृष्टीने काही उपयोग नाही. तरीही 4के स्टिक घेण्याला एक कारण आहे. फायर टीव्हीच्या साध्या एचडी स्टिकमध्ये 1 जीबी रॅम (ॲप चालताना लागणारी स्मृती) असते, फायर टीव्ही स्टिक 4केमध्ये पिढीनुसार दीड किंवा 2 आणि शाओमीच्या 4के स्टिकमध्ये 2 जीबी. दोन-तीन वर्षांनी ॲप जड झाली की हा फरक जाणवू लागतो. साठवणुकीची जागा मात्र यांतल्या बहुतेकांत 8 जीबीच असते आणि त्यातला बराचसा भाग यंत्रणाच व्यापते, म्हणून आईबाबा वापरतात तेवढीच ॲप ठेवावीत.

---

हडसनपार

मी न्यू जर्सीत राहतो आणि इकडे ही उपकरणे पहिल्यापासून पाहत आलो आहे. रोकू या अमेरिकी कंपनीचा नेटफ्लिक्ससाठीचा पहिला बॉक्स 2008 मध्ये आला होता. चित्रचौकट यांनी लिहिलेल्या अडचणी घरात सुटण्यासारख्या आहेत. मला काळजी वाटते ती घराबाहेर ठरणाऱ्या गोष्टींची.

उपकरण विकत घेतले तरी त्यावर काय चालेल हे दोन कंपन्यांच्या आपसातल्या संबंधांवर अवलंबून राहते. गूगल आणि ॲमेझॉन यांच्यातल्या वादामुळे 2018 च्या सुरुवातीपासून फायर टीव्हीवरचे यूट्यूब ॲप बंद होते, ते 2019 च्या जुलैत परत आले. 2021 मध्ये रोकूवरून यूट्यूब टीव्ही (थेट वाहिन्यांची गूगलची सशुल्क सेवा) हे ॲप एप्रिलअखेर काढले गेले आणि समझोता व्हायला डिसेंबर उजाडला. ग्राहकाने दोन्हीकडे पैसे भरलेले असूनही मधले महिने त्याची गैरसोय झाली. ज्यांचे सगळे पाहणे एका यूट्यूबवर अवलंबून आहे, अशा बाबांसारख्या प्रेक्षकांना असा वाद सर्वाधिक जाचतो.

उपकरणाच्या आयुष्याचा प्रश्नही आहे. क्रोमकास्ट हे गूगलचे असेच टीव्हीला लावायचे उपकरण; त्याचे 2015 सालचे दुसऱ्या पिढीचे मॉडेल 2025 च्या मार्चमध्ये जगभर एकाएकी चालेनासे झाले, कारण त्यातल्या सुरक्षा प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, परंतु यंत्र धडधाकट असताना ते दूरवरच्या एका तारखेमुळे थांबू शकते हे त्या वेळी सर्वांना कळले. त्याआधी, 2024 च्या ऑगस्टमध्ये, गूगलने क्रोमकास्ट बनवणे थांबवल्याचे जाहीर केले होते. म्हणून अशा उपकरणाकडे चार-पाच वर्षांची वस्तू म्हणून पाहावे आणि त्या मानानेच पैसे घालावेत.

परदेशी असलेल्या मुलामुलींना एक विनंती. इकडे सवलतीत मिळाली म्हणून अमेरिकेतून स्टिक नेऊन देऊ नका. कोणती ॲप मिळणार हे खात्याच्या देशावर ठरते, प्लग वेगळा असतो आणि वॉरंटीचा तिथे उपयोग होत नाही.

---

पूर्वरंग

एक महत्त्वाचा इशारा राहून गेला आहे. ऑनलाइन 'सगळे चॅनेल फुकट' असे सांगून बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स विकले जातात, आणि नातेवाईक कौतुकाने ते भेट देतात. ते घरात आणू नयेत.

टी95 नावाने विकल्या जाणाऱ्या अशा बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर आल्याचे 2023 च्या सुरुवातीला एका सुरक्षा अभ्यासकाने दाखवून दिले होते. 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स 2.0' या, अशा बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. असे बॉक्स घरातले इंटरनेट परक्या लोकांच्या गैरव्यवहारांसाठी वापरू देतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या वायफायवरून आपले आईवडील बँकेचे व्यवहार करतात, त्याच वायफायवर असे यंत्र बसवणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको.

चित्राच्या बाबतीतही हे बॉक्स फसवतात. नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देण्यापूर्वी उपकरणात वाइडवाइन एल1 दर्जाची सुरक्षा (चित्राची चोरून नक्कल होऊ न देणारी व्यवस्था) आहे का ते पाहतात. ती नसेल तर बॉक्सवर '8के' छापलेले असले तरी चित्र 480पीच्या आसपासचे, पुसट मिळते. खरेदीपूर्वी खोक्यावर अधिकृत अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्हीची खूण आणि नेटफ्लिक्सचे प्रमाणन आहे का ते तपासावे.

---

माजघर

वरच्या सभासदांपेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. सत्तरीपुढच्या माणसांसाठी स्टिक डिशची जागा घेऊ शकत नाही, आणि आपण डिश ठेवणार आहात हे फार बरे केले. माझ्या सासूबाईंना मालिकेची वेळ पाठ असते. साडेसात वाजले की त्या क्रमांकाची दोन बटणे दाबतात आणि मालिका सुरू. स्टिकवर तीच मालिका पाहायला आधी इनपुट बदलायचे, मग ॲप, मग 'कोण पाहत आहे' हा प्रश्न, मग भाग शोधायचा. त्यांना हे शिकवता आले, पण आवडले नाही. थेट क्रिकेटमध्ये तर इंटरनेटवरचे चित्र डिशच्या मागे असते, त्यामुळे शेजारच्या घरातून गडी बाद झाल्याचा ओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत असतो.

मात्र चुकलेला भाग दुपारी निवांत पाहता येणे, अक्षरे मोठी करता येणे आणि बाबांना हवे ते कीर्तन हव्या त्या वेळी मिळणे, हे स्टिकचे मोठेच सुख आहे. तेव्हा दोन्ही ठेवावे.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोन शंका उरल्या आहेत. टीव्हीचा, डिशचा आणि स्टिकचा असे तीन रिमोट आईला कसे जमतील? आणि स्टिक सुरू होताच मोठ्या आवाजात जाहिरात सुरू होते असे एका मित्राने सांगितले, ते थांबवता येते का?

---

चित्रचौकट

माजघर यांनी मांडलेला मुद्दा मला मान्य आहे. थेट सामना डिशवर आणि बाकीचे स्टिकवर, अशी वाटणी मीही सुचवतो.

रिमोटबद्दल: खरेदी करताना स्टिकच्या रिमोटवर टीव्ही चालू-बंद करण्याचे आणि आवाजाचे बटण आहे याची खात्री करून घ्यावी. फायर टीव्ही स्टिक लाइटच्या रिमोटवर ती बटणे नसत, आणि थोड्या पैशांच्या बचतीसाठी घरात कायमचा एक जास्तीचा रिमोट वागवावा लागे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (जोडलेली उपकरणे एकमेकांना आज्ञा देऊ शकतील अशी सोय) चालू करावे. सॅमसंगमध्ये त्याला ॲनिनेट+, एलजीमध्ये सिंपलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक म्हणतात. ते चालू असले की स्टिकच्या रिमोटचे होम बटण दाबताच टीव्ही आपोआप स्टिकच्या इनपुटवर जातो. डिशकडे परतताना मात्र टीव्हीच्या रिमोटचे इनपुट बटण बहुधा लागेलच, त्यामुळे तो रिमोट पूर्णपणे बाजूला टाकता येणार नाही. फायर टीव्ही घेतल्यास रिमोटमधल्या अलेक्साशी हिंदीत बोलता येते. ॲपच्या किंवा कीर्तनकाराच्या नावाने शोध घ्यायला बाबांना तेवढे पुरेल.

जाहिरातींबद्दल: मुखपृष्ठावरच्या जाहिराती पूर्ण बंद होत नाहीत, आणि पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर त्या असाव्यात हे मला मुळीच मान्य नाही. तरीही फायर टीव्हीच्या प्रेफरन्सेसमध्ये फीचर्ड कंटेंट या भागात जाऊन चित्र आणि आवाज आपोआप सुरू होणे बंद करता येते. गूगल टीव्हीवर 'ॲप्स ओन्ली' अशी सोय असून ती निवडल्यास मुखपृष्ठ बरेच शांत होते. प्राइम व्हिडिओवर भारतात 17 जून 2025 पासून कार्यक्रमांमध्ये ज्या जाहिराती येतात, त्या सेवेच्या आहेत. उपकरण बदलून त्या जाणार नाहीत.

सांगलीला जाल तेव्हा आणखी एक काम आठवणीने करा. प्रेफरन्सेसमध्येच खरेदीसाठी पिन लावा आणि तो फोनवर विचारणाऱ्या कोणालाही सांगायचा नाही हे दोघांना समजावून ठेवा. ठळक बटणावर चुकून दोनदा दाबले गेल्याने भाड्याचे चित्रपट खात्यावर लागलेली घरे मी पाहिली आहेत. ॲपची मांडणीही तेव्हाच करून टाका: पहिल्या ओळीत यूट्यूब, झी5 आणि जिओहॉटस्टार एवढीच ठेवा.