ज्येष्ठांच्या डे-केअरची फी कशी भागवायची?

प्रश्न: सासूबाईंना आठवड्यातून दोन दिवस डे-केअरला पाठवायचंय. विम्यातून पैसे मिळतात का? फी ठरवताना काय विचारावं?

उत्तर १: साधा आरोग्य विमा उपचारांसाठी असतो, दिवसभराच्या देखभालीसाठी सहसा नाही. पॉलिसीत ‘डे-केअर’ शब्द दिसला तरी हुरळून जाऊ नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ मोतीबिंदूसारखी, त्याच दिवशी घरी सोडतात ती शस्त्रक्रिया.

उत्तर २: दीर्घकालीन देखभालीची वेगळी पॉलिसी असेल तर प्रतीक्षा काळ (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी खर्च आपणच करायचा तो काळ) कसा मोजतात ते लेखी विचारा. समजा तो ९० दिवसांचा आहे. हे दिवस कॅलेंडरचे असतील तर साधारण तीन महिन्यांत संपतात. फक्त सेवा घेतलेले दिवस धरत असतील, तर आठवड्याला दोन दिवसांनी ४५ आठवडे खिशातूनच भरावे लागतील. लोक इथेच फसतात. पहिल्या दिवसापासून तारीखवार पावत्या जपा.

उत्तर ३: अर्धा दिवस किती तासांचा? चार तासांचा असेल आणि परतीची गाडी साडेचार तासांनी निघत असेल, तर दर वेळी पूर्ण दिवसाचं बिल लागू शकतं. ने-आण, डायपर, गैरहजेरीचे दिवस यांचे दरही आधीच लिहून घ्या.