वय जुळत नाही म्हणून नोंद सोडू नका

वंशावळ शोधताना जनगणनेत आणि लग्नाच्या नोंदीत तुमच्या खापरपणजोबांच्या वयात चार वर्षांचा फरक पडतोय, म्हणून तो माणूस दुसराच असावा, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून ती नोंद बाजूला टाकू नका. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत तर पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायच्या सूचनाच होत्या. तिथे ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो.

मी वयाआधी साक्षीदार पाहते. माझ्या पणजीच्या लग्नाच्या नोंदीत तिच्या सहीच्या जागी नुसती फुली आहे, शाई जरा फुटलेली. ती पाहून गलबलून आलं होतं. तिच्याखाली एका साक्षीदाराची ठसठशीत सही. तेच नाव पुढे तिच्या बहिणीच्या नोंदीत भेटलं आणि माहेरचा धागा लागला.

मृत्यूच्या नोंदीतल्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. ती सांगणारा बहुतेकदा मुलगा नाहीतर सून, म्हणजे ऐकीव माहिती. आणि नोंदींवरून तयार केलेल्या नावांच्या सूचीवर थांबू नका, मूळ पानाची प्रत मागवा. सूची करणाऱ्याने आडनाव चुकीचं वाचलेलं असू शकतं.