अनुभव सांगा: साखर, थकवा आणि डोळ्यांवरची झापड

मधुमेह असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही लिहा. साखर चढली किंवा उतरली की ताकद, लक्ष, झोप यांचं काय होतं? आकडे आठवत असतील तर द्या. डोस मात्र कुणी कुणाला सुचवू नका, ते काम डॉक्टरांचं.

टाइप १, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर
साखर अडीचशेच्या (मिग्रॅ/डीएल) वर गेली की अंग शिशासारखं जड. वाचलेली ओळ डोक्यात शिरत नाही. साधारण १८० ओलांडल्यावर मूत्रपिंडं जादा साखर लघवीवाटे टाकू लागतात, तिच्यासोबत पाणीही जातं. मग तहान, आणि रात्री उठाउठी. दुसऱ्या दिवशीची मरगळ निम्मी त्या मोडलेल्या झोपेचीच असते, असं माझं मत.

पेशंट मी नाही, माझा नवरा आहे
लो होतंय, म्हणजे साखर फार उतरतेय, हे त्याच्याआधी मला कळतं. उगाच चिडतो, मग तोच प्रश्न पुन्हा विचारतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असल्यामुळे हात थरथरणं, धडधड या खुणा झाकल्या जातात. घाम तेवढा फुटतो. ७० च्या खाली दिसलं की १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. "मी बरा आहे गं" हे त्या वेळी ऐकायचं नसतं! मेंदूचं मुख्य इंधनच कमी पडलेलं असतं, तो स्वतःची परीक्षा काय घेणार? शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णवाहिका बोलवा.

टाइप १, वरच्या ताईंना दुजोरा
आकडा सावरला तरी डोकं जागेवर यायला मला पाऊण तास लागतो. तोवर गाडी चालवत नाही. झोपेत लो झालं असेल तर सकाळी डोकं दुखतं, कपडे घामाने ओले असतात.

नुकतंच निदान झालंय
उपचार सुरू झाल्यावर ११० ला हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, शरीराला बराच काळ चढ्या साखरेची सवय होती, त्यामुळे नेहमीची पातळीही त्याला कमी वाटते. हळूहळू गेलं ते.

टाइप २, बरीच वर्षं मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर
साखर आटोक्यात, तरी दिवसभर गळाठा. शेवटी बी-१२ जीवनसत्त्व तपासलं, कमी निघालं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने असं होऊ शकतं. प्रत्येक थकव्याचं खापर साखरेवर फोडू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं हेही बघून घ्या.

साखर मोजणारा सेन्सर वापरणारी
एचबीए१सी चांगलं आलं म्हणून थकवा मनाचा खेळ, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. ती दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. माझ्या आलेखात जेवणानंतर उंच कडा आणि मग घसरण, झापड नेमकी तिथेच. जेवून थोडं चालले की कडा बुटकी होते. फक्त साखर वेगाने बदलत असताना सेन्सर काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे लो वाटतंय आणि पडद्यावर ९० दिसतंय, तर बोटाला टोचून खात्री करते.