नाशिकमधून दुर्मीळ आनुवंशिक रक्तविकारांवर पीएचडी: आधी विषय की आधी गाईड?

नाशिककर_बायोटेक
एमएससी बायोटेक झालंय, नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) अभ्यास चालू आहे. फॅक्टर १३ ची (रक्ताची गुठळी पक्की करणाऱ्या प्रथिनाची) कमतरता किंवा ग्लान्झमन (प्लेटलेट्स एकमेकींना न चिकटण्याचा आजार) यांपैकी एकावर पीएचडी करायची आहे. गाईड मुंबईत आणि रुग्ण नाशिक जिल्ह्यातले, असं जमतं का? आधी विषय ठरवू की गाईड?

परळ_लॅब
आधी गाईड. इतक्या दुर्मीळ आजारात रुग्ण कुणाकडे येतात त्यावरच विषय ठरतो. तुम्हाला जवळची संस्था म्हणजे परळचं आयसीएमआर-एनआयआयएच (रक्तविकारांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था), केईएम रुग्णालयाच्या आवारातलं. पीएचडीची नोंदणी मुंबई विद्यापीठात होते. सीएसआयआर, आयसीएमआर, डीबीटी या केंद्रीय संस्थांच्या तिन्ही जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) परीक्षा द्या; स्वतःची फेलोशिप असली की गाईडला होकार देणं सोपं जातं. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडं, पुढे एसआरएफचे (वरिष्ठ फेलोशिपचे) ४२,०००. जेआरएफ हुकली तरी नेटचा निकाल पीएचडी प्रवेशाला वर्षभर चालतो: ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० मुलाखतीला.

गाईडला मेल कराल तेव्हा थेट विचारा, या आजाराची किती कुटुंबं तुमच्याकडे नोंदलेली आहेत? मोजक्या कुटुंबांवरही चांगला प्रबंध होतो, पण नुसतं जनुक वाचून भागत नाही. बदललेलं प्रथिन पेशीत काय बिघडवतं ते दाखवावं लागतं.

क्लॉटिंग_बेंच
या दोन आजारांचे नमुने प्रवासात अगदी उलटे वागतात, विषय निवडताना हे आधी बघा. ग्लान्झमनच्या अ‍ॅग्रिगेशनला (प्लेटलेट्स चिकटतात का ते बघणाऱ्या चाचणीला) ताज्या प्लेटलेट्स लागतात: रक्त खोलीच्या तापमानाला ठेवायचं, फ्रिजमध्ये अजिबात नाही, आणि काढल्यापासून चार तासांत चाचणी संपवायची. कसारा घाटात गाडी अडकली की नमुना वाया. सीडी४१ आणि सीडी६१ ची (प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची) फ्लो सायटोमेट्री थोडा उशीर सोसते.

फॅक्टर १३ चा प्लाझ्मा मात्र नाशिकमध्येच सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून, उणे ७० अंशांला गोठवून ड्राय आइसमध्ये पाठवता येतो. निळ्या टोपीची ट्यूब खुणेपर्यंत भरा: ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त. या आजारात पीटी आणि एपीटीटी (गुठळी व्हायला लागणारा वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या चाचण्या) दोन्ही नॉर्मल येतात, म्हणून नाळेतून रक्त वाहिलेलं बाळही 'सगळं ठीक' म्हणून घरी जातं. युरियात गुठळी विरघळण्याची चाचणी फक्त तीव्र कमतरता पकडते. फॅक्टर १३ अमोनिया पद्धतीने (अभिक्रियेत सुटणाऱ्या अमोनियावरून) मोजलंत तर प्लाझ्मा ब्लँक (फॅक्टर १३ बंद पाडलेला तोच प्लाझ्मा, त्याचा आकडा वजा करायला) लावाच, नाहीतर शून्याजवळचे आकडे फुगतात. आणि रुग्णाला आधी क्रायो (प्लाझ्मातून वेगळा काढलेला गोठवणारा घटक) किंवा प्लाझ्मा दिलाय का ते विचारा. फॅक्टर १३ चं अर्धायुष्य नऊ ते बारा दिवसांचं, त्यामुळे चार-पाच आठवडे तरी खोटं समाधान मिळतं.

सुरगाणा_पेठ
जिल्ह्यातच राहायचं असेल तर सिकलसेलचा विचार जरूर करा. तो इथे दुर्मीळ नाही, पण एकाच बदलाचे रुग्ण इतके वेगळे का, हा प्रश्न मोठा आहे: हिमोग्लोबिन एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) किती, सोबत अल्फा थॅलसेमिया आहे का. सोल्युबिलिटी चाचणीवर (सिकलसेलच्या झटपट प्राथमिक तपासणीवर) विसंबू नका. ती वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही, सहा महिन्यांखालच्या बाळात चुकते. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) हवीच, तीही रक्त चढवण्याआधीच्या नमुन्यावर.

नाशिककर_बायोटेक
आणि एथिक्सची परवानगी?

परळ_लॅब
पहिला नमुना घेण्याआधी, आणि संस्था दोन असतील तर दोन्हींकडून. संमतीपत्र मराठीत छापा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना साक्षीदारासमोर वाचून दाखवा. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारीही नोंदवा. त्याच भेटीत आई-वडील दोघांचेही ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधले नमुने घ्या. मुलात दोन वेगळे बदल सापडले तर ते दोघांकडून एकेक आलेत की एकाकडूनच, हे त्यांच्याशिवाय ठरवणं अवघड जातं.