इनलाइन स्केटिंग (एका रांगेत चाकं असलेले स्केट्स): काय जपायचं? अनुभवी मंडळींनी लिहा

पोडियमवाली
पाऊस थांबला आणि सोसायटीच्या पोडियमवर चाकांची घरघर पुन्हा सुरू झाली. बुटाला पट्ट्यांनी आवळून बांधायचे ते जुने लोखंडी स्केट्स आठवले. तेव्हा मनगटाला काही बांधायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. आता मुलांकडे हेल्मेट आहे, नीपॅड आहेत, पण रिस्टगार्ड बहुतेकांचे बॅगेतच! तोल गेला की हात आपोआप पुढे जातो, म्हणून आधी दुखावतं ते मनगट. शिकवणारे, डॉक्टर, दुरुस्तीवाले, सगळ्यांनी लिहा.

ऐरोली_फिजिओ
रिस्टगार्डची तळहाताखालची प्लास्टिकची पट्टी कडक आणि बाकदार हवी. ती जमिनीवर घसरते, हात अडकून राहत नाही. जिमचे कापडी पट्टे इथे कुचकामी.

आणि पडल्यावर हे नक्की बघा. अंगठा ताणून वर केला की मनगटापाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखलं तर स्कॅफॉइड या छोट्या हाडाची शंका घ्यायची. पहिल्या एक्सरेत ती चीर कित्येकदा दिसतच नाही. डॉक्टर हात आधारात ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्सरे काढतात. 'मुरगळलंय, तेल चोळा' असं कृपया करू नका. त्या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असतो, दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही.

पोडियमवाली
बाप रे. हे माहीतच नव्हतं, थँक्यू ताई.

कोच_खारघर
चालायला शिकवायच्या आधी पडायला शिकवा. हिरवळीवर, सगळे पॅड घालून. गुडघे वाकवायचे, बूड खाली, मग आधी नीपॅड टेकवायचे, मागोमाग एल्बोपॅड, शेवटी रिस्टगार्ड, बोटं वर उचललेली. मागे पडणं सगळ्यात वाईट, माकडहाड आणि डोकं दोन्ही सापडतात. गुडघे सरळ ठेवून ताठ उभं राहिलं की माणूस मागेच जातो, म्हणून नडग्या बुटाच्या जिभेला टेकलेल्या हव्यात.

टाचेचा ब्रेक: ब्रेकवाला पाय अर्धं पाऊल पुढे सरकवा, त्याची बोटं वर उचला, आणि खुर्चीत बसल्यासारखं खाली बसत टाचेवर दाब वाढवत न्या. नवखे उभ्या उभ्या टाच दाबतात, वजन मागे जातं आणि ब्रेक लागतच नाही. हे जमेपर्यंत उतारावर जायचं नाही, पार्किंगच्या रॅम्पवर तर मुळीच नाही.

सानपाडा_आई
दादा, मुलगी डावखुरी आहे. ब्रेक तर उजव्यालाच येतो ना?

कोच_खारघर
बऱ्याच मॉडेलमध्ये डावीकडे बसवता येतो. मागच्या चाकाचा लांब बोल्टसुद्धा ब्रेकबरोबर तिकडे न्यायचा. पण हाताचं डावंउजवं इथे लागू होईलच असं नाही. तिला एका पायावर घसरायला सांगा, ज्या पायावर जास्त वेळ तोल राहतो तो आधाराचा. ब्रेक दुसऱ्याला.

चाकंवाला
घराबाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक चाक हाताने फिरवून, आडवं हलवून बघा. खुळखुळलं तर बोल्ट सैल आहे. बहुतेकांना ४ मिमीची ॲलन की लागते, खिशात ठेवा. चाकं आतल्या कडेने झिजतात. मग अदलाबदल करा, पुढून मोजून: १ च्या जागी ३, २ च्या जागी ४, उजव्या स्केटची डाव्यात, झिजलेली कड बाहेर. एकदम कडक चाकं आपल्या खडबडीत डांबरावर हादरे देतात. ८० मिमी व्यास, ८२ए (चाकाच्या कडकपणाचं माप) च्या आसपास ठीक. बेअरिंग ६०८ या मापाचं, ते सगळीकडे मिळतं. ओल्यात चालवलं की गंजतं, म्हणून घरी आल्यावर पुसून कोरडं करा.

घोडबंदर_रोज
हेल्मेट कपाळावर मागे ढकललेलं असतं, तेवढं बघा हो पालकांनी! भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून जास्त नाही. कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच सैल. जोरात आपटलं की ते हेल्मेट बदलायचं, बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो.

नेरुळकर
जागेचं बोला. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या कडेने कुणी पोरांना नेऊ नये, गाड्या भन्नाट सुटतात. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकतं, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकांच्या दिशेने असल्या तर सरळ आत जातं. खडी, वाळू आणि ओले झेब्रा पट्टे, तिन्ही ठिकाणी बाजूला ढकललं की चाक निसटतं.

घोडबंदर_रोज
ठाण्यात उपवन तलावाला पहाटे बरं पडतं. सातनंतर चालणारे आजीआजोबा येतात, तेव्हा स्केट्स काढून हातात घ्या.

सानपाडा_आई
विषयाला सोडून आहे, पण लायनरचा (स्केटच्या आतल्या मऊ बुटाचा) वास कसा घालवता? घर भरून जातं.

चाकंवाला
लायनर बाहेर काढा, आत जुने पेपर कोंबा, पंख्याखाली रात्रभर. उन्हात नको, फोम कडक होतो. मोजे दर वेळी ताजे, घोट्याच्या वर येणारे.

सानपाडा_आई
आजच पेपर काढते. रद्दीवाला उद्या येणार होता 😄