प्रोश्युत्तोवर पांढरे ठिपके: बुरशी की काय?

टिळकवाडी_खवय्या
गोव्याहून पार्मा हॅमचं (इटलीतल्या पार्माचा प्रोश्युत्तो, म्हणजे मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी) 100 ग्रॅमचं पाकीट आलंय, चोर्ला घाटातून बर्फाच्या डब्यात. कापांवर मोहरीएवढे पांढरे ठिपके आहेत. एक काप तव्यावर परतला तर खारट जहर झाला. बिघडलंय काय? आणि डुकराची मांडी इथं मिळतेच, घरी मीठ लावून टांगली तर जमंल?

घाटमाथा
ठिपके मांसात रुतलेले आणि दाताखाली करकरणारे असतील तर ते टायरोसीन. मुरताना प्रथिनं तुटतात, त्यातलं हे अमिनो आम्ल स्फटिक होऊन बसतं. जुन्या पार्मेझान चीजमध्येही हेच. बुरशी वरवर, मऊ, लवदार असते. कापावर मोरपंखी झाक दिसली तर तो नुसता प्रकाशाचा खेळ. पाकीट फुगलेलं, काप बुळबुळीत, वास आंबूस असेल तर मात्र फेका.

परतू नका ओ! हा प्रोश्युत्तो क्रूदो, म्हणजे कच्चा, मिठानं नि हवेनं मुरलेला. तव्यावर पाणी उडतं, मीठ तेवढंच राहतं. (शिजवलेला तो कोत्तो.) फ्रिजमधून काढून 15-20 मिनिटं थांबा, चरबी मऊ पडू दे. ती कापून टाकलीत तर नुसतं मीठच लागणार. काप मांड्यासारखा (ती गोड पातळ पोळी) पातळ, पलीकडचं बोट दिसावं असा. सोबत पिकलेलं खरबूज नाहीतर ताजं अंजीर. लिंबू, चाट मसाला नको. पिझ्झावर घालायचा तर भट्टीतून काढल्यावर. फोडलेलं पाकीट दोन-तीन दिवसांत संपवा. गरोदर बाईला देऊ नका.

मीठ_भाकर
टांगायचं डोक्यातून काढा बघू. पार्माला मांडी आणि समुद्री मीठ, एवढंच, नायट्राइट (मांसातले जंतू रोखणारं रसायन) नाही. म्हणून सगळी भिस्त थंडीवर. कातडीला ओलं मीठ, उघड्या मांसाला कोरडं, आणि खोली 1 ते 4 अंशांवर. आठवड्यानं जुनं मीठ झाडून नवं, मग आणखी 15-18 दिवस. पुढं दोन-तीन महिने थंड खोलीतच विश्रांती, कारण मीठ हाडापर्यंत सावकाश पोचतं. बेळगावच्या हवेत ते पोचायच्या आधीच सांध्याजवळ मांस आंबतं, बाहेरून पत्ता लागत नाही. तिकडं पार्मातसुद्धा घोड्याच्या हाडाची सुई खुपसून पाच ठिकाणी वास घेतात. सच्छिद्र हाड वास पटकन धरतं आणि सोडतंही. मग उघड्या भागावर चरबी, मीठ, मिरी, तांदळाच्या पिठाचा लेप, वरून कडक पडू नये म्हणून. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

टिळकवाडी_खवय्या
टांगणं रद्द. पाकिटावर पाच टोकांचा मुकुट आहे, 24 महिने लिहिलंय. सान दानिएले नावाचं दुसरं इटालियन हॅम पण तसंच काय?

घाटमाथा
मुकुट पार्माचाच. 24 महिने म्हणजे चांगलं मुरलेलं, ठिपके असणारच. सान दानिएले ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीचं, मांडी खुरासकट, किमान 13 महिने. धुराचा वास हवा असेल तर स्पेक नावाचं हॅम घ्या, या दोघांना धूर देत नाहीत.